पवनीची टेकडी, मामा तलाव आणि सहावीचं इंग्रजी

महाराष्ट्रात तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं असतं. साताऱ्याच्या मुलांना सातारा जिल्ह्याचं, भंडाऱ्याच्या मुलांना भंडारा जिल्ह्याचं. बालभारतीने एवढ्या आवृत्त्या काढण्याचा खटाटोप केला, त्यामागचा विचार सरळ आहे. आठ वर्षांच्या मुलाला भूगोल शिकवायचा तर सुरुवात त्याच्या पायाखालच्या जमिनीपासून व्हावी. भंडाऱ्यात वैनगंगा, सात तालुके, धान, तलाव, कोसा, पितळेची भांडी असं सगळं त्या वर्षी वर्गात येतं. चौथीत शिवछत्रपती येतात, पाचवीत आदिमानवाची वाटचाल येते. सहावीपासून इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल असे विषय सुटे होतात. हडप्पा, महाजनपदं, मौर्य, अक्षवृत्तं, ग्रामपंचायत, पुढे संविधान आणि संसद. पुस्तकं चांगली आहेत. पण तिसरीत भेटलेला जिल्हा या तीन वर्षांत हळूहळू मागे पडतो, आणि नेमक्या याच वयात मूल ‘हे खरं कशावरून?’ असं विचारू लागलेलं असतं.

दुसरीकडे इंग्रजी. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत यायचं. म्हणजे आजच्या सहावीतल्या मुलाच्या पाठीशी इंग्रजीची पाच वर्षं असतात. तरीही लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातल्या खेड्यात एखाद्या सहावीतल्या मुलीला इंग्रजीचं पुस्तक उघडून द्या. ती अडखळत का होईना, पण वाचते. ‘काय वाचलंस?’ विचारलं की मान खाली घालते. अक्षरं येतात, शब्दही येतात, पण अर्थ हाती लागत नाही.

या दोन अडचणींचा उपाय एकच आहे, आणि तो भंडारा जिल्ह्यात शाळेच्या फाटकाबाहेर पडला आहे, हे मला या लेखात सांगायचं आहे. इंग्रजी आणि समाजशास्त्र हे दोन तास एकाच मजकुरावर उभे करता येतात, आणि तो मजकूर मुलांच्या ओळखीचा असला तर दोन्ही विषय सुधारतात.

वाचलेलं समजतं म्हणजे काय होतं, याबद्दल एक फार बोलका प्रयोग आहे. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्यातल्या अर्ध्या डावाच्या वर्णनाचा उतारा वाचायला दिला. मुलांचे चार गट होते. वाचनात हुशार आणि बेसबॉल जाणणारी, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणारी, वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी आणि दोन्हींत कच्ची. समोर मैदानाची प्रतिकृती आणि लाकडी बाहुल्या ठेवल्या होत्या. उतारा वाचून काय घडलं ते बाहुल्या हलवून दाखवायचं आणि तोंडाने सांगायचं. वाचनात कच्च्या पण खेळ जाणणाऱ्या मुलांनी, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांना सहज मागे टाकलं. विषयाची माहिती असली की भाषेची उणीव बरीच भरून निघते.

आता हाच प्रयोग भंडाऱ्यात आणा. उतारा धानाच्या रोवणीवर असू द्या. पऱ्हे उपटून मुठी बांधणं, चिखल केलेल्या बांधीत त्या फेकणं, बायकांनी ओळीने वाकून रोवत मागे सरकणं, धुऱ्यावरून पाणी या बांधीतून त्या बांधीत उतरवणं. हा मजकूर सोप्या इंग्रजीत लिहून साकोलीच्या सहावीतल्या मुलाला दिला, तर ‘सीडलिंग’ हा शब्द त्याला आधी माहीत नसला तरी तो कशाबद्दल आहे हे वाक्याच्या मध्यावरच कळतं. नागपूरच्या चांगल्या इंग्रजी शाळेतलं मूल तिथे अडखळेल. इंग्रजी पुस्तकातल्या धड्यात समुद्रकिनारा, बर्फ किंवा मॉल आला की हाच खेळ उलटा होतो, आणि आपण मुलाचं इंग्रजी कच्चं ठरवतो.

इंग्रजी शिकवण्याची ही दिशा भारताला नवी नाही. एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणतज्ज्ञांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर आणि दक्षिण भारतातल्या इतर काही शाळांत एक प्रकल्प चालवला. व्याकरणाचे नियम पाठ करून घेण्याऐवजी मुलांपुढे इंग्रजीतून एखादं काम ठेवायचं. रेल्वेचं वेळापत्रक पाहून कोणती गाडी पकडावी ते ठरवा, नकाशावरून रस्ता शोधा. मुलांचं लक्ष कामाच्या अर्थावर असलं की भाषा मागोमाग येते, असा प्रभूंचा विश्वास होता. १९८७ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या भाषाशिक्षकांनी त्याची दखल घेतली. वेळापत्रक आणि नकाशा या दोन्ही गोष्टी भूगोलाच्या तासाला लागतातच, हे लक्षात घ्यावं.

भंडाऱ्यात या कामासाठी सगळ्यात श्रीमंत विषय तलावाचा. पूर्व विदर्भात सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. भंडारा-गोंदियात त्यांची दाटी मोठी, म्हणून हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क देऊन उत्तेजन दिलं आणि कोहळी समाजाने त्या कामात मोठं कसब कमावलं. उतारावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी कुठे अडवायचं, पाळ किती लांब घ्यायची, कोणत्या बाजूने सांडवा काढायचा, हे त्यांनी जमिनीचा उतार वाचून ठरवलं. पाळीतून पाणी सोडायला तुडुम. तुडुम उघडलं की पाणी पाटाने बांध्यांत उतरतं. तलाव भरून वाहू लागला की सांडव्यावरून पडलेलं पाणी खालच्या तलावात जातं. एका गावाचा सांडवा हा खालच्या गावाचा पाऊस असतो. गावात याशिवाय लहान बोड्या असतात, एकेका शेतकऱ्याच्या. तलावावर ढिवर समाजाची मासेमारी चालते, काठाला शिंगाडा आणि कमळ असतं. सारस पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः याच भंडारा-गोंदिया पट्ट्यात दिसतात.

हे झालं भूगोलाचं. इतिहास याच पाळीवर पुढे चालू होतो. आठवीच्या मुलांना डलहौसीचं संस्थानं खालसा करण्याचं धोरण शिकावं लागतं आणि त्या यादीत नागपूरचं नाव येतं. तिसऱ्या रघूजी भोसल्यांचा डिसेंबर १८५३ मध्ये मृत्यू झाला, वारस नाही या कारणावर १८५४ साली राज्य खालसा झालं. त्या यादीतलं ‘नागपूर’ म्हणजे आपलं भंडारादेखील, हे मुलाला सांगितलं पाहिजे. नव्या सरकारने मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना, गावाच्या मालकीचे हक्क दिले आणि तलाव त्यांच्या नावावर गेले. स्वातंत्र्यानंतर, जिल्हा मध्यप्रदेश राज्यात असताना, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. एकच तलाव, आणि दीड-दोनशे वर्षांत त्याचे मालक किती बदलले!

नागरिकशास्त्राचा प्रश्नही इथूनच सुटतो. तुडुम नादुरुस्त झालं तर अर्ज कुणाकडे करायचा? ग्रामपंचायतीकडे, जिल्हा परिषदेकडे की पाटबंधारे खात्याकडे? मासेमारीचा ठेका कोण देतं? पाळीवर अतिक्रमण झालं तर ग्रामसभेत विषय मांडता येतो का? सहावीच्या पुस्तकात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी उतरंड दिलेली असते आणि मुलं ती पाठ करतात. ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य, ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू, महाराष्ट्रात महिलांना निम्म्या जागा. परीक्षेत हे लिहून मार्क मिळतात. पण आपल्या गावचा तलाव कोणत्या पायरीवर बसतो हे शोधायला लावलं की ती उतरंड मुलाच्या डोक्यात कायमची बसते. शिवाय उत्तर पुस्तकात नसतं. ते शोधायला सरपंचांना भेटावं लागतं, ग्रामपंचायतीच्या कागदांत पाहावं लागतं.

आता इंग्रजीकडे येऊ. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत मधोमध. मराठीत ‘तलावात, तलावावर, पाळीखाली, पाळीवरून’ असं नामाला चिकटून जे सांगितलं जातं, ते इंग्रजीत नामाच्या आधी सुटं उभं राहतं. इन, ऑन, बिलो, अलाँग, ओव्हर. शब्दयोगी अव्ययांचा हा उलटा क्रम हे सहावीच्या मुलांचं मोठं दुखणं आहे. फळ्यावर पेटी आणि चेंडू काढून तो शिकवतात. त्याऐवजी पाळीवर वर्ग न्यावा. ‘द फिश आर इन द टँक. द बोट इज ऑन द वॉटर. वी आर वॉकिंग अलाँग द पाळ. द वॉटर इज गोइंग ओव्हर द सांडवा.’ पाळ आणि सांडवा हे शब्द इंग्रजी वाक्यात तसेच राहू द्यावेत. इंग्रजांनी स्वतः आपल्या गॅझेटियरमध्ये असे कितीतरी देशी शब्द जसेच्या तसे वापरले आहेत. मूल बोटाने दाखवतं आणि बोलतं, बोट आणि शब्द एकाच वेळी पुढे जातात. अशा वेळी ‘ओव्हर’ आणि ‘ऑन’ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही, पाणी तो दाखवतं.

याहून खोल जागा कर्मणी प्रयोगाची आहे. सातवी-आठवीत पॅसिव्ह व्हॉइस शिकवतात आणि मुलं वाक्य फिरवण्याची यंत्रासारखी कसरत करतात. पण इतिहासाच्या पुस्तकात हा प्रयोग सतत येतो, आणि त्यामागे कारण असतं. ‘द टँक वॉज बिल्ट.’ तलाव बांधला गेला. कुणी? वाक्य त्यावर गप्प आहे. इंग्रजीत ही सोय आहे की कर्ता न सांगता वाक्य पूर्ण होतं. ‘बाय हूम?’ हा प्रश्न वर्गात विचारला की व्याकरणाचा तास इतिहासाचा होतो. बाय द किंग? बाय द मालगुजार? की ज्यांनी माती वाहिली त्यांच्याकडून? मुलांनी दोन-तीन उत्तरं लिहावीत आणि प्रत्येकाला पुरावा काय ते सांगावं. बारा वर्षांच्या मुलाला हे जमतं. मी तर म्हणेन, पॅसिव्ह व्हॉइस शिकवायची यापेक्षा चांगली जागा नाही.

पवनीकडे वळू. वैनगंगेच्या काठी तट आणि खंदक असलेलं हे गाव. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीत बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, कठड्याचे कोरीव दगडी खांब निघाले, ब्राह्मी लिपीतले लेख निघाले. मौर्यकाळाच्या आसपासपासून इथे मोठं बौद्ध केंद्र नांदत होतं. सहावीच्या इतिहासात मुलं सांचीचं चित्र पाहतात. पवनी तर याच जिल्ह्यातला तालुका आहे, भंडाऱ्याहून बसने तासा-दीड तासाचा रस्ता.

पवनी बघून आलेल्या वर्गाला इंग्रजीत दोन रकाने आखायला सांगावेत. एकावर ‘वी फाउंड’, दुसऱ्यावर ‘वी थिंक’. पहिल्यात खांब, विटा, लेख, टेकडी. दुसऱ्यात : लोक इथे दूरवरून येत असतील, दान देत असतील, नदीतून व्यापार होत असेल. फाइंड-फाउंड, थिंक-थॉट, डिग-डग, बिल्ड-बिल्ट ही अनियमित क्रियापदं इथे आपोआप लागतात. आणि सापडलेली वस्तू व केलेला तर्क यांतला फरक मूल एका पानावर पाहतं. पुढे बातम्यांच्या आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराच्या गर्दीत हाच फरक त्याला हजारदा करावा लागणार आहे.

लोकशाहीच्या धड्याला भंडाऱ्याइतकं चांगलं उदाहरण फार थोड्या जिल्ह्यांकडे असेल. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब हरले. त्याच निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले. एकाच मतदारसंघात दोन जागा कशा, हा प्रश्न मुलं लगेच विचारतात. त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्यीय असत. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि मतदाराला दोन मतं. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. आज भंडारा-गोंदिया हा एकसदस्यीय मतदारसंघ आहे. त्यात भंडारा जिल्ह्यातले तुमसर, भंडारा आणि साकोली हे तीन विधानसभा मतदारसंघ येतात, त्यांपैकी भंडारा अनुसूचित जातींसाठी राखीव.

ज्यांच्या हाताखाली देशाचं संविधान तयार झालं तेही मतपेटीपुढे हरू शकतात आणि पराभव स्वीकारून राज्यसभेत काम करत राहतात, ही गोष्ट आठवीच्या मुलाने आपल्याच गावच्या आजोबांकडून ऐकावी. त्या निवडणुकीत मत दिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत, पण घराघरांत आठवणी आहेत. मुलाखत घ्यायची तर प्रश्न आधी लिहावे लागतात : हू, व्हेन, व्हेअर, व्हाय, हाऊ. इंग्रजीच्या पुस्तकात याला प्रश्नार्थक शब्द म्हणतात आणि रिकाम्या जागा भरून घेतात. आजोबांना मराठीत विचारावं, वहीत मराठीत उतरवावं, आणि वर्गात पाच वाक्यं इंग्रजीत लिहावीत. भाषांतराला कमी लेखण्याची शाळांत एक खोड आहे. या वयात घरच्या भाषेतून विचार गोळा करून दुसऱ्या भाषेत मांडणं हे मोठं बौद्धिक काम आहे.

घरच्या भाषेचा विषय निघाला म्हणून थोडं थांबतो. भंडाऱ्यातल्या बऱ्याच घरांत झाडीबोली बोलली जाते, तुमसरकडे पोवारीही ऐकू येते, काही घरांत गोंडी. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, तिच्यात लिहिणाऱ्यांना उभं केलं आणि या बोलीची साहित्य संमेलनं भरू लागली. या बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ आणि ‘श’चा ‘स’. असं बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीचा तासही काही अंशी दुसऱ्या भाषेचा असतो. इंग्रजीत ते ‘शी’ला ‘सी’ म्हणतं, ‘शिप’ला ‘सिप’. शिक्षकाने हे आळसाचं किंवा अशुद्धपणाचं लक्षण मानलं तर मूल तोंडच उघडणार नाही. त्याच्या बोलीत तो भेद नाही, एवढंच कारण आहे. कानाला फरक ऐकू येण्यासाठी जोडीने शब्द ऐकवावे, शिप-सिप, शॉक-सॉक, आणि ओठांकडे बघायला सांगावं. काही आठवड्यांत जमतं. आणि दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईत, दंडार या लोकनाट्यात उभं राहून तासभर संवाद फेकणारी पोरं याच जिल्ह्यात आहेत. पाठांतर, आवाजाची फेक, प्रेक्षकांकडे बघून बोलणं त्यांना घरातूनच येतं. इंग्रजी बोलायला लागणारं धाडस त्यांच्याकडे आधीच आहे, वर्गात ते मागे का ठेवायचं?

भूगोलातली एक गोष्ट मला विशेष आवडते, कारण तिला खर्च शून्य. भंडारा शहराचा रेखांश सुमारे ७९ अंश ३९ मिनिटे पूर्व. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर ठरते. फरक २ अंश ५१ मिनिटांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून भंडाऱ्याचा सूर्य घड्याळाच्या अकरा मिनिटांहून थोडा जास्त मागे असतो. मुंबईत हाच फरक ३८ मिनिटांचा. म्हणजे मुंबईच्या तुलनेत भंडाऱ्यात दुपार २७ मिनिटं आधी होते. आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ हा धडा आहे, आणि मुलं तो गुणाकार म्हणून शिकतात.

त्याऐवजी डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात शाळेच्या पटांगणात एक सरळ काठी रोवा. त्या दिवसांत सूर्य सरासरी वेळेच्या अगदी जवळ चालतो, म्हणून गणित स्वच्छ निघतं. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने किंवा खड्याने खूण करा आणि लांबी मोजा. सावली आखूड होत जाते आणि बारा वाजून दहा-बारा मिनिटांच्या सुमाराला सगळ्यात आखूड होऊन पुन्हा वाढू लागते. घड्याळात बारा वाजले तेव्हा सूर्य सगळ्यात उंच आला नव्हता, हे मुलं स्वतः मोजतात. सगळ्यात आखूड सावली जिथे पडते ती रेषा उत्तर-दक्षिण. होकायंत्र नसलं तरी दिशा मिळाली. आणि इंग्रजीत याच तासाला ‘शॉर्ट, शॉर्टर, शॉर्टेस्ट’ आणि ‘लाँग, लाँगर, लाँगेस्ट’ येतं. ‘द शॅडो अ‍ॅट ट्वेल्व्ह इज शॉर्टर दॅन द शॅडो अ‍ॅट हाफ पास्ट इलेव्हन.’ एवढं लांब वाक्य सहावीतलं मूल एकदम म्हणतं, कारण दोन्ही सावल्या त्याच्यासमोर जमिनीवर खुणा करून ठेवलेल्या असतात. भंडारा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोन दिवस दुपारी सावली नाहीशीही होते, मे अखेरीस आणि जुलैच्या मध्यानंतर. पहिला दिवस सुट्टीत जातो, दुसरा बहुधा ढगांत. मेमध्ये घरी राहून हे पाहण्याचं काम मुलांना सुट्टीसाठी द्यावं.

डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगेनीजच्या खाणी, गोसेखुर्द धरण आणि त्यासाठी उठलेली गावं, २०२० च्या ऑगस्ट अखेरीला वैनगंगेला आलेला पूर, कोशाचे हातमाग, भंडाऱ्याचं पितळ : प्रत्येकावर असा तास होऊ शकतो. गोसेखुर्दवर तर वादविवाद व्हायला हवा. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणाने कुणाच्या बांधीला पाणी दिलं आणि कुणाचं घर पाण्याखाली नेलं, याची दोन्ही बाजूंची माणसं पवनी तालुक्यात एकाच बाजारात भेटतात. ‘आय अ‍ॅग्री, बिकॉज’ आणि ‘आय डोंट अ‍ॅग्री, बिकॉज’ ही दोन वाक्यं फळ्यावर लिहून द्यावीत. ‘बिकॉज’नंतर मुलांना गप्प बसवावं लागेल.

हे सगळं कोण करणार, असा रास्त प्रश्न शिक्षक विचारतात. शिक्षणहक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक हवा आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात पटसंख्या कमी असलेल्या खेड्यातल्या शाळेत एकच सर किंवा मॅडम इंग्रजीही घेतात आणि इतिहासही. त्यात जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं या कामांनी त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. नवी जबाबदारी म्हणून हे त्यांच्या गळ्यात मारलं तर ते होणार नाही आणि होऊही नये. पण दोन्ही विषय एकाच हातात असणं ही या पद्धतीसाठी उत्तम सोय आहे. दोन तासांची तयारी एकाच मजकुरावर होते. आठवड्यातले दोन तास जोडून घेतले की पाळीवर जाऊन परत येता येतं. केंद्र पातळीवरच्या शिक्षण परिषदेत चार-पाच शाळांनी मिळून तालुक्याचा मजकूर तयार केला, तर प्रत्येकाला सगळं लिहावं लागत नाही. तुमसरच्या शिक्षकांनी खाणीवर लिहावं, पवनीच्या शिक्षकांनी टेकडीवर, लाखनीच्या शिक्षकांनी तलावावर.

पालकांची शंका वेगळी असते. स्कॉलरशिपचं काय, नवोदयचं काय, कॉन्व्हेंटची पोरं पुढे जातील त्याचं काय? त्यांची काळजी खोटी नाही. पण स्पर्धा परीक्षेतला इंग्रजी उतारा पाठ केलेल्या उत्तरांनी सुटत नाही. न वाचलेल्या उताऱ्यावर प्रश्न येतो, आणि तिथे अर्थ लावायची सवय लागते. केंद्रीय अभ्यासक्रमातही वारं याच बाजूला आहे. २०२४ साली आलेल्या सहावीच्या ‘एक्सप्लोरिंग सोसायटी’ या पुस्तकात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र आणले आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतलं ज्ञान बाहेरच्या आयुष्याशी जोडा असं स्पष्ट म्हटलं होतं.

शेवटी गाडी परीक्षेपाशी येऊन अडते, कारण जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं. आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशात एकलव्य या संस्थेने १९८० च्या दशकात काही सरकारी शाळांत सहावी ते आठवीचा सामाजिक अध्ययन कार्यक्रम सुरू केला. गावांचे प्रत्यक्ष अभ्यास पुस्तकात घातले, आणि परीक्षेत पुस्तक उघडून बघायची परवानगी दिली. पाठांतर निरुपयोगी झाल्यावर प्रश्नच बदलावे लागले. महाराष्ट्रात घटक चाचणी शाळेच्याच हातात असते, त्यामुळे निदान तिथे हे करून पाहायला कुणाची मंजुरी लागू नये.

सातवीच्या अशा एका चाचणीत वर एका मामा तलावाचा साधा नकाशा असावा : पाळ, तुडुम, सांडवा, दोन पाट, खाली तीन गावं, कोपऱ्यात प्रमाण २ सेंटिमीटर = १ किलोमीटर. त्याखाली १९५१ साली तलावाची मालकी कशी बदलली यावर इंग्रजीतल्या पाच-सहा सोप्या ओळी. मग प्रश्न. तिसऱ्या गावाला पाणी सगळ्यात शेवटी का पोहोचतं? तुडुमापासून त्या गावापर्यंत पाटाची लांबी किती? तुडुम फुटलं तर ग्रामसभेच्या नावे चार ओळींचा अर्ज मराठीत लिहा. उताऱ्यातलं कर्मणी प्रयोगाचं वाक्य शोधा आणि त्यात कर्ता कोण असावा ते कारणासह सांगा. वरच्या गावाने सांडव्यावर भिंत बांधून तो उंच केला तर खालच्या गावाचं काय होईल, ते पाच इंग्रजी वाक्यांत लिहा. शेवटच्या प्रश्नाला स्पेलिंगचे मार्क कापायचे नाहीत, आणि पुस्तक, वही, नकाशा सगळं उघडं ठेवायला हरकत नाही.